कानाची शिट्टी

परवा मध्यरात्री रिलीज आटोपून घरी आलो, तर कानात बारीक शिट्टी. मनात आलं, हा आवाज खरंच कानात असतो का?

१९४८ साली केंब्रिजमध्ये थॉमस गोल्डचं डोकं इथेच अडलं होतं. युद्धात रडारवर काम केलेला माणूस. त्याचं म्हणणं, आतल्या कानात द्रव भरलेला. त्यात इतकी बारीक कंपनं टिकायची तर फीडबॅकवाला अ‍ॅम्प्लिफायर हवाच. फीडबॅक जास्त झाला की माइक-स्पीकरसारखा कानही शिट्टी मारणार, आणि ती माइकवर पकडता येणार!

पण तेव्हा बेकेशीचा शब्द प्रमाण. त्याने मृतांचे कान तपासले होते. १९६१ ला नोबेलही मिळालं. आता मेलेल्या कानात अ‍ॅम्प्लिफायर चालू कसा असेल?

१९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्पने जिवंत कानात 'टिक्' सोडलं. काही मिलिसेकंदांनी कानातूनच उत्तर आलं. आज नवजात बाळांची श्रवणचाचणी याच उत्तरावर होते.

गंमत पुढेच आहे. कित्येक निरोगी कान आपणहून आवाज काढतात, पण मालकाला पत्ता नसतो. आणि ज्यांना शिट्टी छळते, त्यांच्या कानात माइकला बहुतेकदा काहीच सापडत नाही; ती बहुधा मेंदूत घडते. म्हणून त्यांचा त्रास खोटा नव्हे. माइकला ऐकू आलं नाही म्हणजे काही नाहीच, हे गोल्डलाही तीस वर्षं ऐकावं लागलं होतं.