तीन दरवाजा, बारा भुंगे आणि गाळलेला अर्धा धडा

हा भाग पन्हाळ्यावरून. मधे मधे घोंघावल्यासारखा आवाज येतो तो वारा आहे, माइक बिघडलेला नाही. नेहमीप्रमाणे बोललेलंच थोडं नीट करून इथे देतोय.

दिवाळीत घरी आलो होतो. कोल्हापूरहून मामेभाऊ आला होता, दहावीत आहे, सीबीएसई. त्याला घेऊन तीन दरवाज्याला गेलो. आदिलशाही काळातलं काम, ही कमान मी लहानपणापासून बघतोय. मी सिद्दी जौहरच्या वेढ्यावर भाषण द्यायच्या तयारीत, तर हा कमानीकडे बोट दाखवून म्हणतो, "दादा, ही कमान आपोआप झाली का? नाही ना? मग माणसाचा डोळा आपोआप कसा होईल? कुणीतरी डिझाइन केलंच असणार की."

व्हॉट्सअॅपवरून आलेलं होतं. पण युक्तिवाद चांगला दोनशे वर्षं जुना आहे. विल्यम पेली नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने १८०२ साली हाच मांडला, फक्त कमानीऐवजी घड्याळ घेऊन. पुढे अमेरिकेत त्याला 'इंटेलिजंट डिझाइन' हे नाव मिळालं, आणि तिथला किस्सा आमच्या धंद्यातल्या लोकांनी ऐकलाच पाहिजे असा आहे.

१९८७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, सरकारी शाळेत 'सृष्टिनिर्मितीचं विज्ञान' शिकवता येणार नाही. त्या सुमारास एक पूरक पाठ्यपुस्तक लिहिलं जात होतं. मसुद्यात जिथे जिथे 'क्रिएशनिस्ट्स' होतं, तिथे 'डिझाइन प्रोपोनंट्स' घातलं गेलं. एके ठिकाणी बदल अर्धवट राहिला आणि शब्द झाला 'सीडिझाइन प्रोपोनंटसिस्ट्स'. फाइंड-रिप्लेस नीट तपासलं नाही की काय होतं ते बघा! पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या पालकांनी शाळा मंडळावर भरलेला खटला २००५ मध्ये चालला, तेव्हा हे मसुदे कोर्टापुढे आले. न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला की इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही.

म्हणजे तिथे निदान भांडण झालं. साक्षी झाल्या, उलटतपासणी झाली.

आपल्याकडे? जानेवारी २०१८. ठिकाण औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह (मुंबईचे माजी पोलीस आयुक्त, तेच) म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, शाळा-कॉलेजचा अभ्यासक्रम बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून हे खोडून काढलं. वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकरांनीही त्यांना अशी विधानं टाळायला सांगितलं. विषय मिटला. गंमत म्हणजे त्याच वर्षी बालभारतीचं दहावीचं नवं विज्ञानाचं पुस्तक आलं आणि त्याच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. तेव्हा वाटलं, चला, जिंकलो.

मग कोविड आला. एनसीईआरटीने मुलांचं ओझं कमी करायचं म्हणून पुस्तकं छाटली. दहावीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' असा धडा होता, त्यातली उत्क्रांती गेली, आनुवंशिकता राहिली. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाचं पत्र काढलं. सरकारचं म्हणणं, बारावीच्या जीवशास्त्रात आहे की. आता न्यायाने बोलायचं तर त्याच छाटणीत दहावीतून मूलद्रव्यांची आवर्तसारणीही गेली, आणि तिच्यावर कुठल्या धर्माचा राग असल्याचं ऐकिवात नाही. त्यामुळे यामागे कट होता असं मी म्हणणार नाही. पण डोव्हरमध्ये जे विरोधकांना कोर्टात जाऊन जमलं नाही, ते इथे कात्रीने आपोआप झालं.

आणि बारावीचं जीवशास्त्र घेतं कोण? मी दहावीनंतर जीवशास्त्र सोडलं. बीटेक झालो, नोकरीला लागलो. अख्ख्या शिक्षणात मला उत्क्रांती भेटली ती त्या अर्ध्या धड्यात. आमच्या बाईंनी तर तोही "वाचून घ्या" म्हणून सोडला होता, पण वाचायला होता तरी. आता पन्हाळ्यावरची स्टेट बोर्डाची पोरगी उत्क्रांती शिकते आणि खाली कोल्हापुरातला माझा भाऊ नाही. तो कॉमर्सला जाणार आहे.

तर कमान. मी त्याला म्हटलं, मधला एक दगड काढला तर काय होईल? "पडेल." मग अर्धी बांधलेली कमान उभी कशी राहिली? सेंटरिंगवर. काम झाल्यावर ते काढलं, म्हणून आज दिसत नाही. सजीवांतही असे जुने आधार असतात, काम संपल्यावर नाहीसे होतात. मागून बघणाऱ्याला वाटतं, सगळं एकदम बसवलंय.

"पण दादा, सेंटरिंग लावायला गवंडी होताच की."

बरोबर पकडलं पोरानं. माझी उपमा तिथेच लंगडी पडली. म्हटलं, दगडाला पोरं होत नाहीत, भुंग्याला होतात. फरक तेवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

घरी येऊन माळ्यावरून माझं जुनं पुस्तक काढलं. आईने रद्दीत घातलं नव्हतं. त्यात बारा लाल भुंगे आहेत, हिरव्या झुडपात राहणारे. कावळे त्यांना टिपतात. एखादा हिरवा भुंगा जन्मतो, तो कावळ्याला दिसत नाही, त्याची पिल्लं वाढत जातात. मग दुसरी गोष्ट: काही भुंगे निळे, आणि एक हत्ती झुडपं तुडवत जातो. वाचतात ते योगायोगाने बहुतेक निळेच. निळं असण्याचा काही फायदा नसतो. गवंडी दोन्हीकडे नाही. पण पहिलीकडे निवड आहे, दुसरीकडे निव्वळ नशीब. दोन पानांत एवढं सगळं.

त्याने दोनदा वाचलं.

"हे परीक्षेला नाही ना?"

नाही म्हटलं.

"मग बरंय," म्हणाला, आणि पुस्तक घेऊन गच्चीवर गेला. अजून परत दिलेलं नाही.