मृत्यूच्या कारणाची नोंद : शब्द आणि क्रम

नांदेडच्या ईशान्येस असलेले इस्लापूर मंडळ १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात मोडत असे. राज्यपुनर्रचनेने ते मुंबई राज्यात आले. या मुलखात मराठीशेजारी तेलुगू, गोंडी, कोलामी आणि बंजारा बोली नांदतात. अशा ठिकाणी मृत्यूचे कारण लिहिणे हे वैद्यकाइतकेच भाषेचेही कार्य ठरते.

संदिग्ध शब्दाने काय अनर्थ होतो, हे मुंबईच्या प्लेगने दाखविले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. सक्तीच्या विलगीकरणाच्या भीतीने अनेक मृत्यू इतर तापांच्या नावाखाली नोंदले गेले. एकूण मृत्यूंची संख्या मात्र नेहमीपेक्षा बरीच वाढली. साथ खरी किती होती, हे त्या वाढीवरून ताडावे लागले.

रोगनामांत शिस्त आणण्याचा प्रयत्न त्यापूर्वीच सुरू झाला होता. इंग्लंडमध्ये विल्यम फार यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचा आग्रह धरला; १८९३ मध्ये झाक बर्तिलाँ यांनी मृत्युकारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीने ‘मूळ कारण’ ही कल्पना आणि दाखल्याचा आंतरराष्ट्रीय नमुना रूढ केला. भारतात १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाखाली रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ आणि बाहेरील मृत्यूसाठी नमुना ४ अ आला. अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टराने हा दाखला विनाशुल्क द्यावयाचा असतो.

परंतु नमुना हाती आल्याने तो भरता येतो असे नाही. प्रसूतीनंतर रक्तस्रावाने मरण पावलेल्या स्त्रीच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिले, तर ते असत्य नव्हे. पण ते प्रत्येक मृत्यूस लागू असल्याने निरर्थक होय. योग्य दाखल्यात प्रथम रक्तस्रावजन्य आघात, त्याखाली प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, त्याखाली गर्भाशयाची शिथिलता येते; पूर्वीचा रक्तक्षय दुसऱ्या भागात जातो. प्रत्येक अवस्था मृत्यूपूर्वी किती काळ होती, हेही लिहावयाचे असते. वरच्या ओळीस ‘कशामुळे?’ असे विचारले असता खालच्या ओळीने उत्तर द्यावे, हेच या लेखनाचे व्याकरण. डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा गाभा रोगनामांच्या पाठांतरात नसून या क्रमात आहे.

घरी झालेल्या मृत्यूत आप्तांच्या शब्दांपासूनच आरंभ करावा लागतो. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी अशा कथनांवरून बालमृत्यूंची कारणे ठरविण्याचे निकष १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. इस्लापूरसारख्या बहुभाषिक भागात हा धडा मोलाचा आहे. तेथील ‘ताप’ कोणता, हे विचारल्याविना लिहिले गेले, तर मलेरिया, क्षय आणि सूतिकाज्वर एकाच शब्दात गाडले जातात. आणि जे टाळता आले असते, असे मरण टाळण्याची वाटही त्यांच्याबरोबर बुजते.