राहतं घर

चिखलदऱ्याला मी पहिल्यांदा गेलो तो हवा खायला नव्हे, बापाची भाकर घेऊन. बाप गवंडी. एका जुन्या, पडीक बंगल्याची डागडुजी चालली होती. घरवाल्यांना त्यात पुन्हा राहायला यायचं होतं. मी तेव्हा शाळेत. आज गिरणीत रात्रपाळी करतो, पण तो चुन्याचा वास अजून नाकात आहे.

मालक म्हणाला, सिमेंट मारा, लवकर उरकेल. बाप म्हणाला, "नाही जी. चुन्याच्या भितीले सिमेंट मारसान तं ओल आतच कोंडते, भित आतून सडते." मग कळीचा चुना खड्ड्यात विझवला. त्यात विटांची सुरखी, गूळ, बेलफळाचा गर. लिंपल्यावर रोज पाणी मारायचं. चुना घाईनं वाळला की तडकतो.

जवळच गाविलगड. बहामनी अहमदशहाच्या नावावर, साल १४२५. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी घेतला, तो वेलस्लीच्या नावावर. दगड वाहणारा कोणाच्याच नावावर नाही. दोस्तहो, इतिहास म्हणतात तो हाच काय?

गोव्यात केप्याला कुशावती नदीच्या काठी चर्चसमोर एक वाडा आहे. जोसे पावलो द आल्मेदा या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यानं तो १७८७ साली बांधला. काळाच्या ओघात त्याची रया गेली. रुबेन आणि सेलिया वास्को द गामा या जोडप्यानं तो पुन्हा उभा केला, बागेसकट. काम चांगलंच आहे, मी नाकं मुरडत नाही. पण त्याबद्दल जेवढं वाचलं त्यात मी गवंड्याचं नाव शोधत होतो. सापडलं नाही.

आता आपलं बघा. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना डोक्यावर छप्पर मिळेना. पारशी खानावळीत नाव लपवून राहिले, तर काठ्या घेऊन माणसं आली, बाहेर काढलं. त्याच माणसानं पुढं दादरला राजगृह बांधलं, पुस्तकं मावतील असं. तळमजल्यावर स्मारक आहे, वर कुटुंब राहतं. जुलै २०२० मध्ये त्यावर हल्ला झाला, कुंड्या, काचा फुटल्या. तरी घर राहतंच राहिलं.

लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचं घर. १९२१-२२ मध्ये शिकत असताना बाबासाहेब तिथं राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. काही शेजाऱ्यांनी तिथंही हरकत घेतली! स्मारकाची परवानगी अडली, ती २०२० मध्ये मिळाली. बडोदा ते लंडन, आपल्या माणसाच्या घराला हरकत ही आहेच.

आणि पुण्याचा भिडेवाडा? १८४८ साली जोतिबा-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती जागा. वर्षानुवर्षं सडत राहिली. खटले चालले. डिसेंबर २०२३ मध्ये वाडा पाडला. तिथं स्मारक होईल, पण ती भिंत गेली ती गेलीच.

बापाला विचारलं होतं, घर काहून पडते? तो म्हणाला, "मानूस निंगून गेलं का पडते. चूल पेटली, झाडझूड झाली, गळकं कवलू कोनी फिरवलं, का टिकते."

१३ नोव्हेंबर १९२७ ला बाबासाहेब अमरावतीत वऱ्हाडच्या अस्पृश्य परिषदेचे अध्यक्ष होते. अंबादेवी मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटला होता. त्या परिषदेला आपल्या वस्तीतून कोण चालत गेलं? ते कोणत्या घरात राहत होते? ते घर आज आहे का? मित्रहो, सरकारची वाट बघू नका. म्हाताऱ्यांजवळ बसा, वहीत लिहा. घर उभं असेल तर पावसाआधी त्याची कवलं फिरवा, आणि त्यात कोणीतरी राहत राहील एवढं बघा.

त्या बंगल्याच्या आतल्या भिंतीवर, फडताळामागं, बापानं ओल्या चुन्यात बोटानं आपलं नाव लिहिलं होतं. मला दाखवलं, आणि मग थापीनं पुसून टाकलं. मी ते इथं लिहित नाही. तो म्हणाला होता, "कामाचं लिव्ह, माह्यं नको." कामाचं लिहिलं.