हयात, जीव आणि नेफेश

मागच्या नोव्हेंबरात आजीला घेऊन हयातीचा दाखला काढायला गेलो होतो. आजोबांच्या मागे तिला थोडी पेन्शन मिळते. त्यासाठी वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे तिला सिद्ध करावं लागतं. पिशोरमधल्या एका सेंटरवर गर्दी होती. नंबर लागल्यावर तिथल्या पोराने तिचा अंगठा मशीनवर ठेवला. उमटला नाही. मग दुसरं बोट, तिसरं बोट, दुसरा हात. कापूस वेचून आणि भांडी घासून तिच्या बोटांवरच्या रेषा कधीच्याच पुसल्या गेल्यात. मशीन दर वेळी लाल दिवा दाखवायचं.

आजी म्हणाली, "लेकरा, मी जितीजागती तुह्यासमोर बसले ना. मंग अजून कशाचा दाखला?"

पोरगा भला होता. म्हणाला, "आजी, मला दिसता तुम्ही. मशीनला दिसत नाही."

दुपारी लाइट गेली, सर्व्हरही गेला, आम्ही ओट्यावर बसून राहिलो. मी तेव्हा इतिहासात एम.ए. करत होतो आणि बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, यांच्यावर एक छोटा निबंध लिहायचा होता. फोनवर हिब्रू बायबलचं ॲप होतं. शब्दावर बोट ठेवलं की मूळ शब्द आणि त्याचा अर्थ दिसतो. हाताशी वेळ होता म्हणून 'जीवन' शोधलं. शब्द आला 'हय्यीम'. आणि मी समोरच्या फॉर्मकडे बघत बसलो. त्यावर लिहिलं होतं 'हयात'.

हे नुसतं कानाला सारखं वाटणं नाही. हयात हा शब्द मूळचा अरबी, फारसी-उर्दूच्या दफ्तरांतून मराठीत आलेला. अरबी आणि हिब्रू या चुलतबहिणी. दोन्ही शब्दांचं मूळ एकच, जगणं. 'हयातभर राबलो' असं म्हणणारा आमच्याकडचा शेतकरी नकळत बायबलच्या शब्दाचा भाऊबंद वापरत असतो. गंमत म्हणजे हिब्रूत 'हय्यीम' हे रूप अनेकवचनी आहे. एका माणसाचं एक आयुष्य म्हणायचं, तरी शब्द अनेकवचनीच.

माझ्या निबंधात ज्यांचं नाव सारखं येत होतं ते बेने इस्राएलांचे इतिहासकार होते हाईम सॅम्युएल किहीमकर. त्यांनी समाजाचा इतिहास १८९७मध्ये लिहून ठेवला, तो छापला गेला १९३७मध्ये, तेल अवीवला. नाव मी पन्नासदा टाइप केलं होतं, पण ओट्यावर बसेपर्यंत लक्षात आलं नव्हतं की हाईम म्हणजे तेच, हय्यीम. पुढे किहीमकर, म्हणजे अलिबागजवळच्या किहीमचे. अर्धं नाव हिब्रू, अर्धं कोकणी. ज्यूंमध्ये कुणी फार आजारी पडलं तर त्याच्या नावाला हाईम जोडायचीही प्रथा आहे, जगावा म्हणून. आपल्याकडे मूल वाचावं म्हणून धोंडू, दगडू ठेवतात. ते 'जीवन' नाव देऊन मरणाला अडवतात, आपण 'दगड' म्हणून त्याला फसवतो. मला आपली पद्धत जास्त बेरकी वाटते.

पण हय्यीम हा सोपा शब्द. खरा गुंता 'नेफेश'चा.

हिब्रू बायबलमध्ये नेफेश साडेसातशेच्या आसपास वेळा येतो. जुन्या इंग्रजी बायबलात त्याच्या जागी बहुतेकदा 'सोल' दिसतो. आता सोल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो आत्मा. शरीरात उतरलेला, शरीर सोडून जाणारा, अमर. नेफेशचं तसं नाही. त्याचा एक मुळातला अर्थ आहे घसा. यशयाच्या पुस्तकात अधोलोक आपला नेफेश रुंद करतो, म्हणजे घसा वासतो. एका स्तोत्रात बुडणारा माणूस सांगतो की पाणी नेफेशपर्यंत आलंय. आपण 'गळ्यापर्यंत' म्हणू. वाळवंटात रोज मान्ना खाऊन कंटाळलेले लोक म्हणतात, आमचा नेफेश सुकला. नीतिसूत्रांत खादाड माणसाला 'नेफेशचा धनी' म्हटलंय. घसा, त्यातून जाणारा श्वास, त्यातून उतरणारा घास, त्या घासाची भूक, आणि या सगळ्यावर जगणारं माणूस, असं सगळं त्या एका शब्दात. याकोबाच्या घरची माणसं मोजतानाही सत्तर नेफेश असंच मोजलंय. आपण म्हणतो ना, घरात खाणारे दहा जीव.

हो, तो शब्द 'जीव' आहे. मी फोनवर एकेक वचन उघडत गेलो आणि प्रत्येक ठिकाणी आजीची बोली बसत गेली. राहेल बाळंतपणात मरते तेव्हा तिचा नेफेश निघून जातो. जीव जातो. एलीया संदेष्टा विधवेच्या मेलेल्या मुलासाठी प्रार्थना करतो की याचा नेफेश याच्या आत परत येऊ दे. जिवात जीव आला! हिब्रूत नेफेश मरतो, नेफेशला तलवारीने मारता येतं. शमशोन खांब पाडताना म्हणतो, माझा नेफेश मरो. गीतेतला आत्मा शस्त्राने तुटत नाही हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे, त्यामुळे तिथे आत्मा घातला तर वाक्यच कोसळतं. जीव घातला की उभं राहतं. मराठीत जीव घेता येतो, देता येतो, लावता येतो, टांगणीला लागतो, गुदमरतो, आणि शेवटी जातो.

या शब्दाचा आत्मा कसा झाला, त्याचीही गोष्ट आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात ज्यू विद्वानांनी हिब्रू ग्रंथ ग्रीकमध्ये नेले. नेफेशसाठी त्यांनी 'प्सुखे' घेतला. शब्द वाईट नव्हता, पण त्याला प्लेटोचा वास लागलेला होता. प्लेटोकडे प्सुखे अमर, शरीर म्हणजे तिची कोठडी. पुढे लॅटिन, पुढे इंग्रजी, आणि इंग्रजीचा चष्मा लावून भारतात आलेले मिशनरी.

मराठीत मात्र थोडं वेगळं घडलं, आणि ते फारसं कुणी बोलत नाही. मराठी बायबलमधलं १०३वं स्तोत्र उघडा. स्तोत्रकार स्वतःच्या नेफेशला हाक मारतो तिथे मराठीत 'जिवा' आहे. सेरामपूरच्या विल्यम केरींपासून त्यांचे पंडित वैजनाथ आणि नंतर कितीतरी मराठी मदतनीस या कामात होते. नावं केरींची राहिली. पण जिवाला हाक मारणं इंग्रजीतून येत नाही, ते मराठीच्या कानातून येतं, असं मला वाटतं.

याच कामात शेवटी पंडिता रमाबाई उतरल्या. त्यांच्याइतकं संस्कृत बायबलच्या क्वचितच एखाद्या भाषांतरकाराला येत असेल. लहानपणी आईवडिलांबरोबर पायी फिरत पुराणं सांगितलेली, १८७८मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली बाई. 'आत्मा' शब्द स्वतःबरोबर काय काय सामान घेऊन येतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या, आश्रमातल्या खेड्यातल्या बायांना कळेल अशा. काम उरकत आणलं आणि ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. पुस्तक १९२४मध्ये निघालं. शास्त्रार्थात पंडितांना गप्प करणारी बाई म्हातारपणी आजीसारख्या बायांसाठी सोपा शब्द शोधत बसते, हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही.

हिब्रूत आणखी एक शब्द आहे, 'रूआह'. वारा, श्वास आणि देवाचा आत्मा, तिन्हीला तोच. हा मराठीत सरळ आत्मा झाला. पण आमच्याकडे देवीचं कुणाच्या अंगात येतं तेव्हा 'अंगात वारं आलं' असंच म्हणतात. शमशोनावर रूआह येतो आणि तो सिंह फाडतो, हे आमच्या गावात समजावून सांगावं लागणार नाही. भाषांतरकारांनी 'वारं' का टाळलं तेही कळतं. मिशनरी स्वतःच्या देवाला भगताच्या पंगतीत कसा बसवतील?

नेफेशचा अरबी भाऊ तर आमच्या जिल्ह्यातच भेटतो. 'नफ्स'. खुलताबादला सूफींचे दर्गे आहेत, १३३७मध्ये वारलेले बुऱ्हाणुद्दीन गरीब तिथेच आहेत. सूफींच्या बोलण्यात नफ्स म्हणजे आतली हाव, जिच्याशी झुंजायचं. तोच घसा, तीच भूक, फक्त इथे तिला वेसण घालायची.

आता परत कोकणात, कारण माझा निबंध शेवटी तिथेच गेला. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की नवगावजवळ जहाज फुटलं आणि त्यातून वाचलेले हे लोक. ग्रंथ गेले, हिब्रू विसरली, फक्त 'शमा' ही प्रार्थना, सुंता, खाण्याचे नियम आणि शनिवार राहिला. एकोणिसाव्या शतकात जॉन विल्सनने त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं, १८३२मध्ये. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनेची पुस्तकं मराठीत आणली. शमाच्या लगेच पुढे आज्ञा येते, देवावर पूर्ण नेफेशने प्रेम कर. आणि ज्याने त्या पोराच्या जिवात जीव आणला तो एलीया या समाजाचा सगळ्यात लाडका. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकाला ते त्याचा टापा मानतात. त्याच्या नावाने पोहे-नारळाचा मलिदा करतात.

गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. तेल गाळण्याचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद. पुस्तकात हे एका ओळीत उरकतात. पण निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात शनिवारचं कारण दिलंय. तुझा बैल आणि गाढव विसावावं, दासीच्या मुलाने आणि परक्याने 'यिन्नाफेश' करावं. हे नेफेशचंच क्रियापद. दम खावा. जीव परत घ्यावा. पुढे एकतिसाव्या अध्यायात तर खुद्द देवाबद्दल हेच क्रियापद वापरलंय. सहा दिवस काम करून सातव्या दिवशी त्यानेही दम खाल्ला.

घाण्याचा बैल म्हणजे काय हे ज्याने पाहिलंय त्याला कळेल. डोळ्यांना झापडं, दिवसभर गोल गोल. ग्रंथ हरवलेल्या, नेफेश हा शब्दही विसरलेल्या माणसांनी तो बैल पिढ्यान्‌पिढ्या दर शनिवारी सोडला. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात गुराढोरांना 'नेफेश हय्या' म्हटलंय, जिता जीव. दुसऱ्या अध्यायात मातीचा माणूस श्वास फुंकल्यावर जो होतो तोही नेफेश हय्या. शब्द तोच. भाषांतरात बरेचदा जनावराला प्राणी आणि माणसाला आत्मा करून टाकतात. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे तुपा-हळदीने चोळतात. आजी चोळताना त्याच्याशी बोलते, आणि कुणी चाबूक उचलला तर ओरडते, "मुका जीव हाय त्यो." मुका आत्मा असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

हे सगळं मी तिला ओट्यावर सांगायला गेलो. तिला एवढंच कळलं की परदेशात देवसुद्धा दमतो. "दमणारच की," ती म्हणाली. "एवढा पसारा."

चार वाजता लाइट आली. पोराने दुसरी सोय वापरली, फोनचा कॅमेरा तिच्या तोंडासमोर धरला. "आजी, डोळे मिटा. उघडा. परत मिटा." चौथ्या वेळी हिरवी खूण आली. त्याने कागद छापून दिला, तिने तो चार घड्या करून कमरेच्या पिशवीत घातला. तीन पायऱ्या उतरल्यावर ती कठड्याला धरून उभी राहिली. मी गाडी काढायची घाई करत होतो.

"थांब रे," ती म्हणाली. "दम खाऊ दे जरा."