जंगल वाचलं, आणि शेवाळ?

लेकीकडे लंडनला गेलो होतो तेव्हा एका रविवारी जावयांनी एपिंगच्या जंगलात फिरायला नेलं. सारी हयात इतिहास शिकवण्यात गेली, त्यामुळे गप्प बसवेना. घरी येऊन वाचत बसलो. त्यातलंच थोडं इथे सांगतो.

लंडनच्या ईशान्येला सुमारे सहा हजार एकरांचं हे रान. रस्त्यांनी त्याचे तुकडे केलेत. तिथल्या जुन्या बीच वृक्षांवर एक दुर्मिळ मॉस (आपण सरसकट शेवाळच म्हणतो) उगवतं. एडवर्ड फॉर्स्टर (१७६५-१८४९) या बँकवाल्या पण वनस्पतीवेड्या गृहस्थाच्या नावावरून ते झायगोडॉन फॉर्स्टेरी झालं. फांदी गेल्यावर खोडाला जी खोबण पडते, तिच्या ओल्या काठावर हे जगतं.

एवढ्या खोबणी आल्या कुठून? लाउटन गावच्या लोकांना ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून २३ एप्रिलपर्यंत सरपणासाठी फांद्या तोडायचा हक्क होता. आपल्या कोकणात राबासाठी कवळ तोडतात ना, तसंच. झाड मरत नाही, उलट शतकानुशतकं टिकतं. पुढे जमीनदाराने कुंपण घातलं. १८६६ च्या सुमारास टॉमस विलिंगेलच्या घरची माणसं तुरुंगात गेली, पण हक्क सोडला नाही. अशा लढ्यांतून १८७८ चा कायदा झाला आणि जंगल वाचलं. मात्र त्याच कायद्याने फांद्या तोडायचा हक्कही संपला! भरपाईच्या पैशातून गावात लॉपिंग हॉल उभा राहिला, १८८४ साली.

कुऱ्हाड थांबली. फांद्या माजल्या, सावली दाटली. त्यात लंडनचा कोळशाचा धूर. मॉसला खरी मुळं नसतात, ते पाणी पानांतूनच पितं, म्हणजे हवेतलं गंधकाचं विषही थेट पोटात. डिसेंबर १९५२ च्या धुरक्याने हजारो माणसं दगावली, तेव्हा कुठे १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला. गंधक हळूहळू घटलं, काही मॉस परतलीही. आता जंगलातून धावणाऱ्या मोटारींच्या धुरातला नायट्रोजन आहे. छाटणी मात्र जंगलवाल्यांनी पुन्हा सुरू केली आहे, काळजीपूर्वक, थोडी थोडी.

दर वनमहोत्सवाला मी मुलांना सांगायचो, "झाडाला हात लावू नका." चुकीचं नव्हतं ते. पण ज्या हातांनी ते रान शतकानुशतकं जगवलं, त्या हातांबद्दल मी वर्गात कधी एक शब्द बोललो नाही. ती रुखरुख आहे.

तुमच्या गावी कवळतोड अजून होते का? जरूर कळवा.