नवागतासाठी निवड कोणाची? लिनक्सवरील पूर्वनिर्धारित डेस्कटॉपचा इतिहास (१९९६ ते २०१७)

बीजसंज्ञा : लिनक्स, डेस्कटॉप, पूर्वनिर्धारित निवड, नवागत वापरकर्ता, देवनागरी.

प्रस्तावना

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने वापरकर्त्याच्या स्वातंत्र्यास सर्वोच्च मूल्य मानले. युनिक्सच्या धर्तीवर उभ्या राहिलेल्या लिनक्समध्ये पत्रलेखन, संगीतश्रवण, चित्रसंपादन अशा प्रत्येक कामासाठी अनेक पर्याय उपलब्ध असतात. तथापि नवागतास या पर्यायांची नावेही ठाऊक नसतात. संगणक प्रथम सुरू केल्यावर जे समोर येते, तेच त्याच्या दृष्टीने लिनक्स होय. लिनक्सचा गाभा व निवडक सॉफ्टवेअर एकत्र बांधून देणाऱ्या संचास ‘वितरण’ म्हणतात. वितरण तयार करणारे नवागताच्या वतीने जी निवड आधीच करून ठेवतात, ती पूर्वनिर्धारित निवड. जाणकार ती सहज बदलतो. नवागत तिच्यासह जगतो. ही निवड प्रत्यक्षात कोणत्या निकषांवर होत गेली, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

परवान्याचा निकष

लिनक्सवरील प्रत्येक प्रोग्रामचे रूप व वर्तन निराळे असल्याने सामान्य माणूस गोंधळतो, या जाणिवेतून जर्मनीतील माथियास एट्रिख याने ऑक्टोबर १९९६ मध्ये केडीई प्रकल्पाची घोषणा केली. संपूर्ण डेस्कटॉप एकसारखा दिसावा व वागावा, हे त्याचे उद्दिष्ट होते. परंतु केडीई ज्या क्यूटी या साधनसंचावर उभे होते, त्याचा परवाना त्या काळी मुक्त नव्हता. या आक्षेपातून ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकासा व फेदेरिको मेना या मेक्सिकन तरुणांनी ग्नोम प्रकल्प सुरू केला.

वितरणांचीही विभागणी झाली. परवान्याच्या कारणास्तव रेड हॅटने प्रारंभी केडीई आपल्या संचात घेतले नाही. तर १९९८ साली फ्रान्समधील गेएल दुवाल याने रेड हॅटच्याच पायावर केडीई जोडून मँड्रेक हे वितरण प्रसिद्ध केले. सन २००० मध्ये क्यूटी जीपीएल परवान्याखाली उपलब्ध झाले व मूळ आक्षेप संपुष्टात आला. परंतु दोन डेस्कटॉप कायम राहिले. नवागताच्या सोयीसाठी सुरू झालेल्या प्रयत्नाची परिणती नवागतापुढील एका नव्या पेचात झाली. वादाचा मुद्दा तत्त्वाचा होता यात शंका नाही. मात्र तो नवागताचा नव्हता.

जागेचा निकष

दक्षिण आफ्रिकेतील उद्योजक मार्क शटलवर्थ यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती आली. एक सीडी, एक डेस्कटॉप आणि प्रत्येक कामासाठी एकच प्रोग्राम, हे तिचे वैशिष्ट्य. ग्नोम, फायरफॉक्स व ओपनऑफिस ही निवड नवागतापुढे तयार स्वरूपात ठेवण्यात आली. निवडीचे ओझे उतरवणे हीच सेवा होय, हा विचार येथे प्रथम व्यापक प्रमाणावर यशस्वी झाला.

तथापि सीडीची सुमारे ७०० एमबीची मर्यादाही निर्णायक होती. एप्रिल २०१० च्या आवृत्तीतून गिम्प हे चित्रसंपादनाचे साधन वगळण्यात आले. ते सामान्य वापरकर्त्यास क्लिष्ट वाटते आणि जागाही व्यापते, अशी कारणे देण्यात आली. ते नंतर विनामूल्य घेता येत होते हे खरे. परंतु ज्यास त्याचे अस्तित्वच ठाऊक नाही, त्याच्यासाठी वगळणे व नसणे यांत फरक उरत नाही.

बदलाचे ओझे

त्याच आवृत्तीत खिडकी बंद करण्याची बटणे उजवीकडून डावीकडे नेण्यात आली. एप्रिल २०११ मध्ये ग्नोमच्या परिचित मांडणीऐवजी युनिटी हा नवा डेस्कटॉप पूर्वनिर्धारित झाला. त्याच वेळी ऱ्हिदमबॉक्स या संगीतसाधनाची जागा बॅन्शीने घेतली. एप्रिल २०१२ मध्ये ऱ्हिदमबॉक्स परत आले. ऑक्टोबर २०१२ च्या आवृत्तीत संगणकावरील शोधाबरोबर ॲमेझॉनवरील वस्तूही दिसू लागल्या. खासगीपणाच्या मुद्द्यावर यास तीव्र विरोध झाला आणि २०१६ पासून ही सोय मूलतः बंद ठेवण्यात आली. अखेरीस ऑक्टोबर २०१७ मध्ये युनिटी सोडून उबुंटू पुन्हा ग्नोमकडे वळले. बटणेही उजवीकडे परतली.

जाणकारासाठी हे बदल चर्चेचे विषय होते. कष्टाने चार गोष्टी शिकलेल्या नवागताचे मात्र अर्जित ज्ञानच त्यामुळे निरुपयोगी ठरत गेले. जुनी मांडणी टिकवण्यासाठी २०११ मध्ये सुरू झालेला माते प्रकल्प आणि लिनक्स मिंटने घडवलेला सिनॅमन हे डेस्कटॉप, सातत्य हेदेखील मूल्य आहे याची साक्ष देतात.

देवनागरीचा संदर्भ

मराठी वापरकर्त्यापुरता हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. संचात देवनागरी टंक नसल्यास अक्षरांऐवजी चौकटी दिसतात. टंक हिंदी वळणाचा असल्यास ‘ल’ व ‘श’ परके वाटतात. इन्स्क्रिप्ट कळफलक उपलब्ध असूनही तो निवडावा कोठे, हे सांगणाऱ्या सूचना इंग्रजीत असतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने २००७ साली ‘बॉस’ हे भारतीय भाषांना आधार देणारे वितरण प्रसिद्ध केले. भारतीय भाषा ही नंतर जोडावयाची पुरवणी नसून मूळ निवडीचा भाग असावी, ही त्यामागील भूमिका महत्त्वाची आहे.

निष्कर्ष

परवाना, जागा व निर्मात्या संस्थेची महत्त्वाकांक्षा यांनी पूर्वनिर्धारित निवड वेळोवेळी ठरवली. नवागताच्या सोयीचा उच्चार प्रत्येक वेळी झाला, परंतु निर्णायक क्षणी तो अनुपस्थित राहिला. जो निवड बदलू शकत नाही, त्याच्यासाठी निवड करणाऱ्यावर अधिक जबाबदारी येते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकांवर काय असावे हे ठरवणारा अध्यापकही याच भूमिकेत असतो. कामास पुरेसे, वारंवार न बदलणारे आणि विद्यार्थ्याच्या लिपीत प्रारंभापासून चालणारे, हे तीन निकष त्याने प्रथम तपासावेत, असे या इतिहासावरून म्हणता येते.