तळटीप : बडोदा स्क्वाड्रन आणि सिंगापूर

‘बडोदा स्क्वाड्रन’ म्हणजे ब्रिटिश हवाई दलाची 124 क्रमांकाची तुकडी. प्रतापसिंहराव गायकवाडांच्या कारकिर्दीत संस्थानाने दिलेल्या पैशामुळे तिला 1941 मध्ये बडोद्याचे नाव मिळाले. तिची स्पिटफायर विमाने ब्रिटनच्या आकाशात लढत होती. त्याच वेळी सिंगापूरच्या रक्षणासाठी मात्र संथ बफेलो विमाने होती आणि हरिकेन पोचली ती जानेवारी 1942 मध्ये, फार उशिरा. मलायात जपान्यांशी लढणारे निम्म्याच्या आसपास सैनिक हिंदी होते, हे इथे विसरता कामा नये. 15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर पडले.

जे. जी. फॅरेल यांची ‘द सिंगापूर ग्रिप’ (1978) ही उपहासात्मक कादंबरी याच पराभवाची आहे. जपानी सैन्य जवळ येत असताना रबराचा व्यापारी वॉल्टर ब्लॅकेट आपल्या कंपनीच्या सुवर्णमहोत्सवी मिरवणुकीच्या तयारीत बुडालेला असतो. साम्राज्याच्या अर्थकारणावर इतके नेमके बोट ठेवणारी कादंबरी आमच्या पाहण्यात दुसरी नाही. बडोद्याच्या युद्धदेणग्यांचा हिशेब वाचताना ती जवळ ठेवावी, असा आमचा आग्रह आहे. 1857 च्या पार्श्वभूमीवरील ‘द सीज ऑफ कृष्णापूर’ (1973) हीदेखील फॅरेल यांचीच. — संपादक